दावं कुणाच्या हातात? : मोटारगाडी, फोन आणि डेटाचा हिशेब



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, हा तर मोबाईलच्या दुकानात विचारायचा प्रश्न आहे. गाडीला इंटरनेट हवं असेल तर तिच्यासाठी वेगळा डेटा प्लॅन घ्यावा, की खिशातल्या फोनचा हॉटस्पॉट लावून भागवावं? व्यवहारापुरतं उत्तर दोन मिनिटांत देता येईल. पण हा प्रश्न नवा नाही. गाडीत पहिल्यांदा रेडिओ बसला तेव्हापासून तो वेगवेगळ्या रूपांत आपल्यासमोर येतो आहे, आणि दर वेळी ग्राहक एकच गोष्ट विचारतो : मी एकदा पैसे भरलेत, मग गाडीत बसलो म्हणून पुन्हा का भरू?

आधी शब्दाकडे बघू. फोनचं इंटरनेट दुसऱ्या यंत्राला देण्याच्या क्रियेला टेदरिंग म्हणतात. इंग्रजीत टेदर म्हणजे दावं. गुराला खुंट्याला बांधतो, ते दावं. दाव्याला दोन टोकं असतात, आणि कोण कुणाला बांधलंय हे कुठलं टोक कुणाच्या हातात आहे त्यावर ठरतं. आजच्या व्याख्यानाचं सूत्र एवढंच आहे.

रेडिओपासून सुरुवात करतो. तुमच्यातल्या वयस्कर मंडळींना आठवत असेल, आपल्याकडे रेडिओला लायसन्स लागायचं आणि ते पोस्टात जाऊन घ्यावं लागायचं. ब्रिटनमध्येही तसंच होतं. पण तिथे आणखी एक गंमत होती. घरच्या रेडिओचं लायसन्स गाडीतल्या रेडिओला चालत नसे, गाडीसाठी वेगळं काढावं लागे. ऐकणारा माणूस तोच, कार्यक्रम तेच, फक्त तो घरातून उठून गाडीत बसला. ही पद्धत १९७१ पर्यंत चालू होती. त्या वर्षी ब्रिटनने रेडिओचं लायसन्सच बंद केलं, तेव्हा गाडीचंही गेलं. म्हणजे 'गाडी ही पैसे आकारण्याची वेगळी जागा आहे' ही कल्पना इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे.

आता टेलिफोन. १७ जून १९४६ रोजी अमेरिकेत सेंट लुईस शहरात बेल कंपनीच्या जाळ्यावर पहिली मोटार-टेलिफोन सेवा सुरू झाली. यंत्राचं वजन ८० पौंड, म्हणजे सुमारे ३६ किलो. ते डिकीत ठेवावं लागे. भाडं महिन्याला १५ डॉलर, शिवाय प्रत्येक स्थानिक कॉलला ३० ते ४० सेंट. शहरभर एका वेळी जेमतेम तीन संभाषणं होऊ शकत. तेव्हा वेगळे पैसे घेण्याला कारण होतं : हवेतल्या वाटाच तीन होत्या. टंचाई खरी असेल तर वेगळी किंमतही समजण्यासारखी असते, हे आपण मान्य करूया. प्रश्न पुढे येतो. टंचाई सरते, आकार मात्र राहतो.

याच काळात अमेरिकेत दुसरा वाद पेटला. टेलिफोनच्या जाळ्याला ग्राहकाने स्वतःची वस्तू जोडायची की नाही? एटी अँड टी कंपनीचं उत्तर होतं, नाही. वायर आमची, यंत्र आमचं, त्याला परकी वस्तू लागणार नाही. हे किती टोकाला गेलं पाहा. 'हश-अ-फोन' नावाचं एक साधं झाकण होतं. बोलायच्या बाजूला ते बसवलं की शेजारच्याला तुमचं बोलणं ऐकू जात नसे. त्यात वीज नाही, तार नाही. तरी कंपनीने त्याला हरकत घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. १९५६ मध्ये न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने कौल दिला. तत्त्व असं निघालं, की ग्राहकाला स्वतःच्या फायद्याचं काही करायचं असेल आणि त्याने सर्वांच्या सेवेला धक्का लागत नसेल, तर कंपनीने आडवं येऊ नये.

नंतर टेक्ससच्या टॉम कार्टर यांनी 'कार्टरफोन' बनवला. माळरानावर, तेलविहिरींवर काम करणारी माणसं दुतर्फा रेडिओवर बोलत. त्यांना घरी किंवा ऑफिसात टेलिफोनवर बोलायचं असेल तर काय करायचं? कार्टरफोनच्या खाचेत टेलिफोनचा रिसीव्हर ठेवला की एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूला जायचा. १९५९ ते १९६६ या काळात अशी सुमारे साडेतीन हजार यंत्रं विकली गेली. माझ्या मते टेदरिंगचा हा पणजोबा! घरी पैसे भरून घेतलेली लाईन रानातल्या, गाडीतल्या माणसापर्यंत नेणं, हेच त्याचं काम. कंपनीने ग्राहकांना तंबी दिली, कार्टर कोर्टात गेले, आणि जून १९६८ मध्ये एफसीसी, म्हणजे अमेरिकेचा दळणवळण आयोग, कार्टर यांच्या बाजूने उभा राहिला. पुढे मोडेम, फॅक्स, आन्सरिंग मशीन अशी वाटेल ती यंत्रं लोकांना फोनच्या लाईनला जोडता आली, त्याचा पाया या निर्णयाने घातला.

आता गाडीकडे परत येऊ. १९९६ मध्ये जनरल मोटर्सने 'ऑनस्टार' आणलं. कॅडिलॅक गाड्यांपासून सुरुवात झाली. गाडीतच सेल्युलर यंत्र आणि जीपीएस. अपघात झाला, एअरबॅग उघडली, की मदत केंद्राला कळणार. बटण दाबलं की माणूस बोलणार. यासाठी सभासद वर्गणी होती. ही एक विचारसरणी : जोडणी गाडीत बसवायची.

२००७ मध्ये फोर्डने मायक्रोसॉफ्टबरोबर 'सिंक' आणलं. त्यांनी उलटा विचार केला. माणसाच्या खिशात फोन आहेच, गाडीने ब्लूटूथवरून तोच वापरावा. पुढच्याच वर्षी त्यांनी अपघात झाल्यास गाडीने मालकाच्या फोनवरूनच ९११ला कॉल लावायची सोय दिली, आणि तिला मासिक वर्गणी ठेवली नाही. ही दुसरी विचारसरणी : जोडणी माणसाच्या खिशातून घ्यायची.

दोन्हींत खोट होती. अपघातात फोन फुटला, सीटखाली गेला, बॅटरी संपलेली असली, तर दुसरी पद्धत निकामी. आणि पहिलीतली खोट बाहेर यायला बारा वर्षं लागली. तिच्याकडे आपण येऊच. पण या दोन वाटा लक्षात ठेवा, पुढचा सगळा इतिहास त्यांच्या ओढाताणीचा आहे.

मधल्या काळात फोनवर डेटा आला. २००९ च्या उन्हाळ्यात आयफोनला टेदरिंगची सोय मिळाली, पण अमेरिकेत तो फोन विकणाऱ्या एटी अँड टीने ती चालू केली नाही. जून २०१० मध्ये चालू केली, आणि कशी? अमर्याद डेटाचा प्लॅन नव्या ग्राहकांना बंद. त्याऐवजी २ जीबीला महिना २५ डॉलर. टेदरिंग हवं तर आणखी २० डॉलर. आणि या २० डॉलरमध्ये जास्तीचा डेटा किती? शून्य. त्याच २ जीबीतून वापरायचा. विहिरीचं पाणी विकत घेतलं, आणि ते कळशीतून बादलीत ओतायचे वेगळे पैसे!

कंपन्यांना कळायचं तरी कसं, की फोनचा डेटा दुसरं यंत्र वापरतंय? इंटरनेटवरून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक टप्पा तो एकाने कमी करतो, म्हणजे वाट चुकलेलं पाकीट कायम भटकत राहत नाही. बहुतेक फोनमधून थेट निघालेल्या पाकिटावर हा आकडा ६४ असतो. तेच पाकीट लॅपटॉपमधून किंवा गाडीतून फोनमार्गे आलं, तर एक टप्पा वाढल्यामुळे ६३ होतो. एवढ्यावरून चोरी पकडल्यासारखं पकडता येतं. काही फोनमध्ये तर टेदरिंगची वाटच वेगळी ठेवलेली असते, तिच्यावरून गेलात की वेगळा हिशेब.

इथे मी माझ्या विषयात जरा शिरतो, कारण तत्त्वज्ञानाच्या माणसाला गप्प बसवत नाही. 'ही वस्तू माझी आहे' म्हणजे काय? आपल्या परंपरेत याचं एक उत्तर होतं : जिचा यथेष्ट विनियोग करता येतो, म्हणजे मनाला येईल तसा वापर करता येतो, ती माझी. सोळाव्या शतकाच्या सुमाराचे नवद्वीपचे नव्यनैयायिक रघुनाथ शिरोमणी यांना हे पटलं नाही. त्यांचा मुद्दा साधा आहे. दुसऱ्याचं अन्नही खाता येतंच की. खाता येतं म्हणून ते माझं होत नाही. बरं, शास्त्र मना करतं म्हणून ते माझं नाही, असं म्हणाल, तर शास्त्र काय सांगतं? परक्याचं घेऊ नये. पण 'परक्याचं' म्हणजे काय हे कळायला मालकी म्हणजे काय ते आधीच ठाऊक हवं. उत्तर फिरून सुरुवातीलाच आलं. म्हणून ते म्हणाले, स्वत्व, म्हणजे मालकी, हा स्वतंत्र पदार्थच मानावा लागेल. दुसऱ्या कशात ती विरघळवता येत नाही.

आता हाच युक्तिवाद २ जीबीला लावून पाहा. ग्राहक म्हणतो, माझ्या फोनमधून गाडीला डेटा देता येतो, म्हणून तो माझा हक्क. रघुनाथ त्याला अडवतील : येणं वेगळं, हक्क वेगळा. मग कंपनी म्हणते, तसं करायला मनाई आहे. का? करारात लिहिलंय. करारात का लिहिलंय? कारण तो वापर तुम्ही विकत घेतलेला नाही. आणि विकत काय घेतलंय हे कुठे ठरतं? करारात. कंपनीही त्याच गोल चक्रात फिरते आहे. दोघांच्या बोलण्यातून मालकी सिद्ध होत नाही, ती बाहेरून कुणीतरी ठरवावी लागते.

अमेरिकेत ती काही अंशी ठरली. २००७ मध्ये टिम वू या कायद्याच्या प्राध्यापकांनी 'वायरलेस कार्टरफोन' या नावाने लेख लिहिला आणि १९६८ चं तत्त्व मोबाईलला लावा असं मांडलं. त्याच वर्षी एफसीसीने लिलावात निघणाऱ्या ७०० मेगाहर्ट्झच्या लहरींपैकी 'सी ब्लॉक'ला अट घातली : ज्याला या लहरी मिळतील त्याने ग्राहकाला हवं ते यंत्र आणि हवं ते ॲप वापरू द्यायचं. २००८ मध्ये व्हेरायझनने या लहरी घेतल्या आणि त्यांवर ४जी उभं केलं. पुढे टेदरिंगची फुकट ॲप्स गूगलच्या दुकानातून ग्राहकांना मिळू नयेत असा प्रयत्न केल्याचा ठपका तिच्यावर आला. जुलै २०१२ मध्ये तिने साडेबारा लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं, आणि मोजून डेटा घेणाऱ्यांना टेदरिंगची वेगळी फी न देता ही ॲप्स वापरायची मुभा मिळाली. हश-अ-फोनच्या झाकणापासून निघालेली वाट इथवर आली.

मंडळी, आता वाटेल की खिशातली जोडणी जिंकली. पण दोनच वर्षांत वाद गाडीत शिरला. २०१४ मध्ये ऑडी ए३ आणि मग जनरल मोटर्सच्या गाड्या अमेरिकेत ४जी घेऊन आल्या. गाडीच हॉटस्पॉट झाली, आतले सगळे फोन-टॅब्लेट तिच्यावर चालणार. ऑडीचा दर सहा महिन्यांना ५ जीबी, ९९ डॉलर. ऑनस्टारच्या सभासदांना २०० एमबी महिना ५ डॉलरपासून पुढे. ज्यांच्याकडे घरच्या सगळ्यांचा मिळून एक प्लॅन होता त्यांना महिना १० डॉलर देऊन गाडीही त्यात घालता येई. घरात एक माणूस वाढावा तशी गाडी वाढली!

त्याच २०१४ मध्ये ॲपलचं कारप्ले आणि गूगलचं अँड्रॉइड ऑटो जाहीर झालं. म्हणजे पुन्हा फोर्डची वाट : पडदा गाडीचा, डोकं आणि डेटा फोनचा. लोकांना ते आवडलं. पण गाडीवाल्यांच्या हातातून ग्राहक निसटू लागला. बीएमडब्ल्यूने अमेरिकेत कारप्लेसाठी वर्षाला ८० डॉलर लावून पाहिले, लोक चिडले, आणि २०१९ च्या अखेरीस तो आकार मागे घेतला गेला. जनरल मोटर्सने मात्र २०२३ मध्ये जाहीर केलं की पुढच्या विजेच्या गाड्यांत कारप्ले-अँड्रॉइड ऑटो नसेल, सगळं गाडीच्याच यंत्रणेवर चालेल. दाव्याचं टोक पुन्हा कंपनीकडे.

हे टोक कंपनीकडे गेल्याने बिघडतं काय? दोन गोष्टी.

पहिली, आयुष्याची. अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय २०२४ मध्ये १२.६ वर्षं होतं. मोबाईल जाळ्याची पिढी इतका काळ टिकेलच असं नाही. ऑनस्टारच्या सुरुवातीच्या गाड्या ॲनालॉग जाळ्यावर चालत. १८ फेब्रुवारी २००८ नंतर ते जाळं चालू ठेवण्याचं बंधन एफसीसीने उठवलं, आणि २००७ संपता संपता फक्त ॲनालॉग यंत्र असलेल्या गाड्यांची सेवा बंद झाली. पहिल्या विचारसरणीतली खोट म्हणालो होतो ती ही. गाडी धडधाकट, इंजिन उत्तम, मदतीचं बटण मात्र मुकं. पुढे एटी अँड टीने १ जानेवारी २०१७ ला २जी बंद केलं तेव्हा निस्सान लीफच्या जुन्या गाड्यांना नवं यंत्र बसवून घ्यावं लागलं. २२ फेब्रुवारी २०२२ ला त्याच कंपनीचं ३जी गेलं, आणि अनेक कंपन्यांच्या, अगदी चार-पाच वर्षं जुन्या गाड्यांमधली अपघात-सूचना आणि दूरची कुलपं बंद पडली. फोन बदलायला आपण दुकानात जातो. गाडीत बसवलेला मोडेम बदलणं इतकं सोपं नसतं, आणि बदली मिळेल की नाही हे ग्राहक ठरवत नाही. फोनला जोडून घेणारी गाडी मात्र नवा फोन आला की पुढे चालू.

दुसरी गोष्ट म्हणजे दाव्यावरून दोन्हीकडे जाता येतं. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि क्रिस व्हॅलसेक या संशोधकांनी रस्त्यावर धावणाऱ्या जीप चेरोकीचा ताबा मैलोगणती दूर बसून मोबाईल जाळ्यावरून घेऊन दाखवला. १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. हे झालं चोरवाटेने. राजमार्गानेही माहिती जातच होती. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवलं, की जनरल मोटर्सच्या गाड्या चालकाच्या ब्रेकचा, वेगाचा तपशील गोळा करत होत्या आणि तो विमा कंपन्यांना माहिती विकणाऱ्या संस्थांकडे जात होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्यावर कारवाई केली. ज्या मोडेमसाठी तुम्ही पैसे भरता, तोच तुमचा हिशेब विमावाल्याला देतो. हे वर्गणीच्या पावतीवर कुठे दिसत नाही.

मग गाडीत मोडेम नकोच, असं म्हणायचं का? नाही, तसं म्हणणं अन्यायाचं होईल. चालक बेशुद्ध आहे, फोन सापडत नाही, रस्ता निर्मनुष्य आहे, अशा वेळी गाडीनेच हाक मारायला हवी. युरोपने ३१ मार्च २०१८ पासून नव्या प्रकारच्या मोटारींना ई-कॉल सक्तीचं केलं. अपघात झाला की गाडी आपणहून ११२ला कॉल लावते आणि जागा कळवते. त्यासाठी मालकाला डेटा प्लॅन घ्यावा लागत नाही. आपल्या पुण्यातल्या एआरएआयने प्रसिद्ध केलेलं एआयएस-१४० हे मानक याच जातीचं आहे. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत, रिक्षा वगळता, ठावठिकाणा सांगणारं यंत्र आणि संकटाचं बटण त्यामुळे आलं. जीव वाचवणारी जोडणी गाडीत असावी आणि ती कायद्याने असावी, हे मला योग्य वाटतं. पण गंमत बघा, युरोपचं ई-कॉलही मुळात २जी-३जीवर बेतलेलं होतं. आता तिथेही जुनी जाळी बंद होऊ लागली आहेत. सरकारी सक्तीलाही पिढीबदल चुकत नाही.

आपल्याकडे खाजगी गाड्यांत या अध्यायाने २०१९ मध्ये जोर धरला. मे महिन्यात ह्युंदाई व्हेन्यू व्होडाफोन-आयडियाचं ई-सिम घेऊन आली, जूनमध्ये एमजी हेक्टर एअरटेलचं. जाहिरातीत गाडी 'कनेक्टेड' झाली. व्हेन्यूची सेवा पहिली तीन वर्षं विनामूल्य होती. चौथ्या वर्षी काय, हा प्रश्न शोरूममध्ये कितीजणांनी विचारला असेल? आपलं सुदैव असं, की २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा इतका स्वस्त झाला की हॉटस्पॉट लावायला कुणी वेगळे पैसे मागेल ही कल्पनाच आपल्या लोकांना विचित्र वाटते. अमेरिकन ग्राहकाला जे आयोगापुढे भांडून मिळालं ते आपल्याला बाजाराने दिलं. पण बाजाराने दिलेलं बाजार परतही घेऊ शकतो. कार्टरफोनच्या निकालासारखा, बोट ठेवून दाखवावा असा आधार त्यामागे नाही.

म्हणून गाडी घ्यायला जाल तेव्हा मायलेजबरोबर चार प्रश्न जरूर विचारा. फुकट वर्गणी संपल्यावर गाडीतलं काय काय बंद पडेल? फोन जोडला तर त्यातलं किती चालू राहील? आतला मोडेम कोणत्या पिढीचा आहे आणि तो बदलता येतो का? आणि माझी माहिती कुठे जाते? विक्रेत्याला उत्तरं येणार नाहीत कदाचित. तरी विचारा. हश-अ-फोनचं झाकण लावणाऱ्या माणसानेही फक्त विचारलंच होतं, की माझ्या फोनवर मी झाकण लावलं तर तुमचं काय जातं?

रघुनाथ शिरोमणींचं म्हणणं पुन्हा एकदा आठवा. वापरता येतं म्हणून वस्तू आपली होत नाही. गाडीच्या कागदावर नाव तुमचं, हप्ते तुम्ही भरता, किल्ली तुमच्या खिशात. पण तिला जगाशी जोडणारं दावं दुसऱ्याने सोडलं की तिचा एक भाग मरतो, आणि त्याने ओढलं की ती तुमच्याविरुद्ध साक्ष देते. अशा गाडीत 'माझी' या शब्दाचा अर्थ काय उरतो, हे ठरवायचं काम कंपनीच्या करारावर सोडू नये. ते कायद्याचं आहे, आणि कायद्याकडे ते मागण्याचं काम आपलं आहे.